परत आलेलं नॉटपेड

सगळ्याचं सोंग आणता येतं, पैशाचं आणता येत नाही, हे मला सासरी आल्यावर कळलं. अक्कलकुव्याच्या घरी पैसा सासूबाईंच्या कनवटीला असायचा. कार्डासाठी दोन पैसे मागितले की पहिला प्रश्न यायचा, माहेरी असं काय कळवायचंय? म्हणून मी कधी मागितलेच नाहीत.

यावर वडिलांनी लग्नाआधीच तोड काढून ठेवली होती. पुडीच्या कागदाचं पाकीट करायचं, आत काही लिहायचं नाही, वर माहेरचा, कोरीटचा पत्ता माझ्या हाताने घालायचा आणि तिकीट न लावता पेटीत टाकायचं. असं नॉटपेड पत्र घेणाऱ्याला दुप्पट पैसे भरून सोडवावं लागे. वडील ते नुसतं हातात घेत, अक्षर बघत आणि पैसे न भरता परत देताना पोस्टमनला सांगत, "मन्ही पोरनं अक्षर शे. पोर सुखी शे. लई जा भाऊ, नही लेनं." मला चौथीपर्यंत शिकवल्याचे पैसे त्यांनी असे वसूल केले. मूल झालं तर पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकू लावायचं ठरलं होतं. कोणी गेलं तर कोपरा फाडायचा, ते तर सगळ्या मुलखाला ठाऊक होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तापीला पूर आलेला, गाडी उतरेना. मुलगा सासरीच झाला. कुंकवाचं पाकीट गेलं. पोस्टमनला ओट्यावर बसवून वडिलांनी ते अख्ख्या आळीला दाखवलं आणि मगच परत केलं म्हणे.

दीड महिन्याने मुलगा गेला. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी मूलच नव्हतं. मला रडू आलं नाही. दूध मात्र येत राहिलं. सासूबाईंनी छातीला फडकं आवळून बांधलं आणि मी भाकरी थापायला बसले. भाकरी नेहमीसारख्या झाल्या, सगळे जेवले.

माहेरी कळवायचं कसं, ते समजेना. मांडीवरच्या पोरासाठी कोपरा फाडायची रीत नव्हती. फाडला असता तर घरच्यांना जावई गेला असं वाटलं असतं. सासरच्या कोणी कळवायचा प्रश्नच नव्हता. एवढ्याशा जिवाचं पत्र कोणी घालत नसे. मग मी पहिल्यांदाच पाकिटाच्या आत लिहिलं. बाळ गेलं. मी जेवते, झोपते. मला न्यायला या. बाहेर कसलीच खूण केली नाही. मला वाटलं, नातवाची काही खबर असेल म्हणून या वेळी तरी वडील पैसे भरतील.

काही दिवसांनी आमचा पोस्टमन ते घेऊन दाराशी उभा राहिला. आधीची पाकिटंही अशीच परत यायची, मी ती घेत नसे, त्यामुळे तो हसत होता.

"बाई, तठे नही लिधं. तुम्ही तरी सोडावतस का?"

मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. "माले बी नही लेनं."

"मग हाई मुंबईले जाई, बेवारस कागदस्ना हापिसमा. तठला साहेब फोडी आनि वाची."

वाचू दे, म्हटलं. मला वडिलांचा राग आला. ठरल्यापेक्षा वेगळं त्यांनी काहीच केलं नव्हतं, तरी राग आला आणि तो बरेच दिवस टिकला. त्या दिवसांत मला वाटलेलं तेवढंच आठवतं.

दिवाळीच्या आधी पाणी उतरलं आणि वडील गाडी घेऊन मला माहेरी न्यायला, मुऱ्हाळी म्हणून आले. पाय धुवायच्या आतच त्यांनी पिशवीतून झबलं काढलं. आईने शिवलेलं, गळ्याशी लाल गोंडे. "कोठे शे मन्हा नातू?"

सासूबाई आत निघून गेल्या. मीच सांगितलं. ते ओट्यावर बसले. म्हणाले, "कागद तरी धाडना व्हता, माय."

"धाडा व्हता, आबा. तुम्ही फिराई दिधा."

बोलल्यावर वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. ते झबल्याची घडी घालत राहिले आणि मी गाडीत बसायचं म्हणून लुगडं बदलायला आत गेले.