सावंतच्या बाल्कनीतला फ्रॉक

कुवेतमध्ये शुक्रवारी चार मराठी माणसं जमली की किस्से निघतातच. आमच्याकडे तर इतके साठलेत, की एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. बहुतेक सगळे घरभाडं बंद झालं त्या काळातले!

आम्ही चौघं एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये. मालवणचा सावंत, पुण्याचा कुलकर्णी, रत्नागिरीचा पारकर आणि कोल्हापूरचा मी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक दिवस साहेबांनी सांगितलं, घरभाड्याचा भत्ता बंद. चौघांची बायकापोरं तेव्हा इथेच होती. त्या दिवसापासून कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

*

पहिले काही महिने रोज अफवा. कुलकर्णी सकाळी येऊन सांगायचा, "पुढच्या महिन्यात चालू होतोय. खात्रीची बातमी!"

एकदा मी खनपटीलाच बसलो. "कुणी सांगितलं?"

"चहावाल्या बशीरनं. तो साहेबांच्या केबिनमध्ये जातो."

मी बशीरला गाठलं. तो म्हणाला, "मुझे तो कुलकर्णीसाब ने बताया!"

*

मग कुलकर्णीनं आपलं घर सोडलं आणि बिऱ्हाड सावंतच्या बनेद अल-गारच्या फ्लॅटमध्ये हलवलं. दोन कुटुंबं, एक किचन, शेजारी शेजारी दोन कुकर. शिट्टी कुणाची, कळेना! कुलकर्णींच्या शिट्टीवर सावंतवहिनींनी आपला गॅस बंद केला. डाळ कच्ची. इकडे कुलकर्णींच्या भाताची पेज.

शेवटी ठरलं, कुकर वाजला की ज्याचा असेल त्यानं आडनाव ओरडायचं. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली, कुलकर्णीवहिनी ओरडल्या, "कुलकर्णीऽऽ!"

बाथरूममधून कुलकर्णी ओरडला, "अगं, साबण तरी धुऊ दे!"

*

तरीही भागेना. एकेक करत सगळ्यांची बायकापोरं गावी गेली. सावंतची शेवटी. सामान भरताना वहिनींनी लेकीचा, चिऊचा पिवळा फ्रॉक बॅगेत टाकला, तो सावंतनं काढून घेतला. "ऱ्हवांदे गो. परत इल्यार लागतलो."

एअरपोर्टवर चिऊनं विचारलं, "बाबा, इज इट जस्ट व्हेकेशन?"

"होय गो," सावंत म्हणाला. येताना गाडीत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पारकर आणि मीही मग सावंतकडेच राहायला गेलो. पण इमारत फक्त फॅमिलीवाल्यांची! बॅचलर दिसला की बाहेर. बायको गावी गेलेला नवरासुद्धा इथे बॅचलरच. सावंतचा जीव त्या फ्लॅटमध्ये अडकलेला. ही जागा गेली तर भत्ता चालू झाल्यावर चिऊला आणायचं कुठे?

*

इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, इजिप्तचा अबू सईद. हिंदी बऱ्यापैकी बोलायचा. सावंतनं त्याला सांगितलं, बायको घरात आहे आणि हे तिघं तिचे भाऊ.

पारकर कोकणी मुसलमान. एका शुक्रवारी नमाजानंतर अबू सईदनं मशिदीतच त्याला धरलं. "तू सावंत की बीवी का भाई है?"

"हां," पारकर म्हणाला.

घरी आल्यावर कुलकर्णी त्याला चिडवायला लागला, "मशिदीत खोटं बोललास?"

"खोटा कसला रे? वहिनीच्या हातची सांदणं खाल्लीत मी. भाऊच झालो ना!"

*

घरात बाई आहे हे दिसायला हवं, म्हणून सावंत दर शुक्रवारी वहिनींची राहिलेली साडी आणि तो पिवळा फ्रॉक धुऊन बाल्कनीत वाळत घालायचा. साडी झटकायला आमच्यातले दोघं लागायचे.

एकदा शनिवारी धुळीचं वादळ आलं. आम्ही ड्युटीवर, कपडे अजून दोरीवर! कुठली बाई असं करेल? संध्याकाळी शेजारच्या केरळी बाई डबा घेऊन दारात. "भाभी बीमार है क्या? कपडा नहीं उठाया."

सावंतनं मान हलवली. आजारी वहिनींच्या नावाचं सांबार आम्ही चौघांनी चाटूनपुसून खाल्लं.

*

भत्ता काही चालू झाला नाही. दोन रमजान ईद होऊन गेल्या.

एका शुक्रवारी आम्ही चौघं खाली उतरलो, तर अबू सईद इमारतीसमोर मान वर करून आमच्या बाल्कनीकडे बघत उभा. तो हळूच सावंतला म्हणाला, "सावंत, तेरी बेटी बड़ी नहीं होती? वही फ्रॉक, वही साइज?" आणि झाडू घेऊन निघून गेला.

सावंत तसाच बसस्टॉपवर गेला. आम्ही मागोमाग. थेट फहाहीलच्या मार्केटात, लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात.

दुकानदारानं विचारलं, "बच्ची कितनी बड़ी है?"

सावंतनं हात कमरेपाशी धरला. मग जरा वर नेला. मग आमच्याकडे बघितलं.

आम्हीही हात धरून दाखवले. चौघांचे चार उंचीवर.