लातूरच्या टाकीतला समुद्र

लातूरला समुद्र नाही, हे आमच्या प्रकल्पातल्या सगळ्या विद्वानांना माहीत होतं. म्हणून तो टेम्पोतून आणायचं ठरलं.

बंदरात उभ्या बोटींना सौर वीज देणारा तरंगता तराफा बनवायचा, असा प्रकल्प होता. किनाऱ्यावरची एक संस्था आणि आमचं कॉलेज मिळून तो करणार होते. मी इथला प्रयोगशाळा सहायक. तराफ्याचं लोखंड गंजू नये म्हणून दोन लेप स्पर्धेत होते. एक किनाऱ्यावरच्या प्राध्यापकांचा, दुसरा आमच्या देगलूरच्या संशोधक विद्यार्थिनीचा, करडईच्या तेलापासून केलेला. तिची पीएचडी त्याच लेपावर उभी होती. लेप दिलेल्या त्यांच्या लोखंडी पट्ट्या खऱ्या समुद्रात सोडल्या गेल्या आणि तिच्या आमच्या शेडमधल्या टाकीत.

टाकी दीड फूट खोल. उन्हाळ्यात रोज पाणी उडायचं. विभागप्रमुखांनी सांगितलं, "कमी झालं की समुद्राचंच घालायचं. नळाचं घालून संशोधन बिघडवू नका." किनाऱ्यावरच्यांनी फोनवर माना डोलावल्या असाव्यात, कारण निळ्या कॅन येतच राहिल्या. मी रोज पट्टीने पातळी मोजायचो, कॅन ओतायचो, वहीत लिहायचो.

नवव्या आठवड्यात तिच्या सगळ्या पट्ट्यांवर तांबूस फोड आले. ती टाकीपाशी बसून म्हणाली, "सर, लेप वाईट न्हाई. काहीतरी दुसरंच हाय."

मी वहीची बेरीज केली. वरून ओतलेल्या पाण्यात दुसरी टाकी भरली असती. उडालं ते पाणी, मीठ जागच्या जागी. मग एक लिटर पाणी आटवून खाली राहिलेलं मीठ तोललं, तर सत्तर ग्रॅम. समुद्रात पस्तीसच्या आसपास असतं. चौथी-पाचवीच्या पोराला कळेल अशी गोष्ट तीन डॉक्टरेटवाल्यांच्या ध्यानात आली नव्हती. माझ्याही नाही, आणि ओतणारा तर मीच होतो.

ऑनलाइन बैठकीत मी वही दाखवली. किनाऱ्यावरचे प्राध्यापक हसून म्हणाले, "अहो, एवढ्या मोठ्या प्रकल्पात बादलीभर पाण्याचं काय घेऊन बसलात? आपण याला तीव्र चाचणी म्हणू."

"मग तुमच्या पट्ट्याही याच टाकीत टाकू की," मी म्हणालो.

तेवढ्यात किनाऱ्यावरचे पडद्यावरून गेले. नेटवर्क गेलं असं नंतर कळलं. विभागप्रमुखांनी मला वेगळं बोलावलं आणि सांगितलं की मोजणं माझं काम आहे, मत देणं नाही.

अहवाल तयार झाला. त्यात तिचा लेप नापास, त्यांचा उत्तम. खाली तिची सही हवी होती. "सही कर, तुझंही नाव छापून येईल," विभागप्रमुख म्हणाले. ते तिचे मार्गदर्शकही होते. तिने कागद तसाच परत ठेवला. तिच्या नोंदणीची मुदत संपायला तीन महिने उरले होते.

उरलेल्या कॅन मी घरी आणल्या. आमच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली टब मांडून तिने बारा नव्या पट्ट्या बुडवल्या. यावेळी उडालेलं भरून काढायला बॅटरीच्या दुकानातलं बिनमिठाचं डिस्टिल्ड पाणी, आणि तेही मोजून.

"लोकं गच्चीवर पापड वाळवतेत, तुम्ही पत्रे भिजवून राहिलात," बायको म्हणाली. तरी मी ड्यूटीवर असताना टबाची पातळी तीच लिहून ठेवायची. तिचे आकडे विभागापेक्षा नीट होते.

नऊ आठवड्यांनी अकरा पट्ट्या स्वच्छ निघाल्या. बाराव्या पट्टीच्या कापलेल्या कडेला गंज होता. तो लपवायचा नाही, हे दोघांचंही न बोलता ठरलेलं होतं.

विद्यार्थिनी त्या पट्ट्या आणि टाकीची व गच्चीवरची अशा दोन्ही वह्या घेऊन एसटीने नांदेडला विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे गेली. तिथल्या अध्यक्षांनी विचारलं, गच्चीवरची चाचणी प्रमाण कशी मानायची? तिने सांगितलं, मानू नका, पण टाकीतलीही मानू नका. तासभर वह्या चाळल्यावर समितीने सहा महिने वाढवून दिले, नवा मार्गदर्शक दिला आणि चाचणी नांदेडलाच पुन्हा घ्यायला सांगितली.

आमचा अहवाल तिच्या सहीशिवाय छापून आला. त्यातली आभारांची यादी लांबलचक आहे. टाकीत वरून काय ओतलं, याबद्दल एक ओळ नाही.

परवा तिचा नांदेडहून फोन आला. तिथली टाकी भरून झाली होती.

"पाणी कोण घालणार?" मी विचारलं.

"मीच, सर. तसं लेखी घेतलंय. आणि मीठ दर सोमवारी तोलायचं."

मी म्हटलं, गुरुवारीही तोल.