आचलचा डावा हात

शामकलाचा हात हलका आहे, हे गोंदियाच्या त्या दवाखान्यात झाडू मारणाऱ्या मावशीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मान्य करायचे. खुद्द शामकलाने तर ते फार आधीच मान्य करून टाकलं होतं. म्हाताऱ्याची सुकलेली नस असो की तान्ह्या लेकराची, तिची सुई एकदाच जायची आणि बरोबर जायची. आमगावकडच्या धानवाल्या घरातली ही पोर नर्सिंग शिकून शहरात आली, लग्न होऊन शहराला लागूनच्या कुडव्यात राहिली, वर्षानुवर्षं स्कूटीवरून ड्यूटीला ये-जा करत राहिली. एवढ्या वर्षांत तिने एकच दौलत कमावली. कुठे अडलं की लोक म्हणायचे, "शामकलाबाईले बोलवा." हे कानावर पडलं की तिचा तो दिवस गोड जायचा.

बाई मनाने वाईट नव्हती. पण जळकी होती, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी धाकट्या बहिणीला नवा फ्रॉक आला की हिला ताप यायचा, अगदी खराखुरा. मोठेपणी ताप यायचा थांबला, जळणं काही थांबलं नाही.

अशा बाईच्या वॉर्डात नवी सिस्टर म्हणून नीतू आली. गोंदियाच्या बाजारातली मुलगी, घरात हिंदी, मराठी बोलता बोलता अर्ध्या वाटेत हिंदीवर उतरणारी. तिने आल्या आल्या एक नवंच सुरू केलं. ड्यूटी बदलताना सिस्टर लोक टेबलापाशी उभ्या राहून एकमेकींना चार्ज द्यायच्या, म्हणजे कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं ते सांगायच्या आणि पर्स उचलायच्या. नीतू येणाऱ्या सिस्टरला हाताला धरून खाटेखाटेशी न्यायची. "काकाजी, अब ये दीदी आहेत तुमच्याकडे. रात्री पोटात दुखलं होतं ना, इनको बता दो." पेशंट सांगायचा, नवी सिस्टर ऐकायची, आणि मग तिला मागाहून कुणाला काही विचारत बसावं लागत नसे. महिन्याभरात सगळ्याच जणी तसं करू लागल्या. औषधं चुकेनाशी झाली, नातेवाइकांची ओरड कमी झाली, आणि मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर नीतूचं कौतुक केलं. शामकलानेही टाळ्या वाजवल्या. वाजवताना तिला वाटलं, इतकी वर्षं मी काय झोपा काढत होते?

पुढे तर फारच झालं. बरे होऊन गेलेले लोक खेड्यावरून परत येताना शामकलासाठी लाखोळीची कोवळी पालेभाजी आणायचे, हा शिरस्ता होता. त्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्याने भाजीची जुडी नीतूच्या हातात दिली. जिच्या घरी लाखोळी कधी शिजली नाही तिच्या! वर नीतूने येऊन विचारलं, "दीदी, ये बनाते कैसे हैं?" शामकलाने सांगितलं, "उकडायची नुसती." लसणाची फोडणी तिने गिळून टाकली. दुसऱ्या दिवशी नीतू म्हणाली की घरी कुणाला आवडली नाही, तेव्हा शामकलाला जेवण गोड लागलं.

आता आचलचं सांगायला हवं, कारण खरी आग तिथे लागली. आचल अकरा वर्षांची, रोशन आणि रीताची एकुलती पोर. आमगावच्या पलीकडे त्यांची थोडी धानाची शेती. पोरीला सिकलसेल, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. थंडी बाधली, धावपळ झाली की हातपाय असे ठणकायचे की ती उशी चावायची. मग दवाखाना, सलाईन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन. इतक्या वेळा सुया लागून तिच्या हातांच्या नसा कडक झाल्या होत्या, वरून एकही दिसत नसे. फक्त एक जागा शाबूत होती. डाव्या हाताच्या कोपराखाली, मागच्या अंगाला. हात जरा वळवून धरला आणि बोट ठेवून वाट पाहिली तरच ती नस लागायची. ती शामकलाने शोधली होती. चार्ज देताना ती आचलचा ताप सांगायची, गोळ्या सांगायची, पाणी किती पाजायचं तेही सांगायची. ही जागा मात्र सांगायची नाही. कुणी विचारत नाही तर आपण कशाला सांगावं, असं ती मनाशी म्हणायची. त्यामुळे आचल आली की ड्यूटी असो-नसो, शामकलाबाईला फोन जायचा.

गेल्या पावसाळ्यात नीतूने ती जागा बोटाने चाचपून स्वतःच शोधली. शामकला ड्यूटीवर आली तेव्हा डाव्या कोपराखाली नीट पट्टी लावलेली, सलाईन सुरळीत चाललेलं, पोर शांत झोपलेली. यात वाईट काही नव्हतं. तरी आपल्या घरात शिरून कुणी आपल्याच चुलीवर चहा करून प्यावा, असा शामकलाला राग आला. नीतूशी ती गोडच बोलली. पण त्या पूर्ण ड्यूटीत आचलच्या खाटेकडे तिने काम असेल तेवढंच पाहिलं.

यंदा डिसेंबरात, शामकलाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी रीताचा फोन आला. "बाई, पोरीचे पाय लय दुखून राहिले. आमी दवाखान्यात येऊन राहिलो."

"ये, ये. आहेत तिथं सगळ्या," शामकला म्हणाली.

फोन ठेवून तिने वेणी घातली, साडी बदलली, स्कूटीची किल्ली हातात घेतली आणि दारातल्या खुर्चीवर बसून राहिली.

नवरा भोजराज जेवून उठला होता. "कुठी जाऊन राहिली?"

"कुठी नाई."

"मंग किल्ली काऊन घेतली?"

ती वाट पाहत होती. ड्यूटीवर नीतू होती. नीतूने फोन केला तर आपण अजून आहोत. नाही केला तर आपली गरज संपली. पलीकडे एक पोर उशी चावत असेल हे तिला कळत होतं, कळत नव्हतं असं नाही. आपणच उठून जावं, असंही एकदा मनात आलं. पण न बोलावता जायचं कसं? आज आपल्याला बोलावलंच पाहिजे, असा हट्ट तिच्या मनात घट्ट बसला होता. भोजराजची झोप होऊन गेली, उन्हं अंगणातून सरकली, आणि मग फोन वाजला.

"दीदी, दो बार लगाया, नहीं मिली," नीतू म्हणाली. "तुम्ही येता का?"

शामकला अशी गेली की कुडव्याच्या रस्त्यावर लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. मनात एकच गाणं चाललं होतं. नाही ना जमलं? पावसाळ्यात लागला होता तो तुक्का होता. वॉर्डात शिरताच रीता रडवेली होऊन उठली, "आल्या बाई, आता होते." आचल घामाने भिजली होती, ओठ चावून चावून सुजले होते. नीतूने तिचा डावा हात वळवून धरला. शामकलाने बोट ठेवलं, थांबली, सुई घातली. एकदाच. सलाईन सुरू झालं. नीतूने इंजेक्शन दिलं आणि ती दुसऱ्या खाटेकडे धावली.

थोड्या वेळाने पोरीचा श्वास संथ झाला. रीता पाणी आणायला गेली. शामकलाने पाहिलं, उजव्या हातावर कापसाचे दोन बोळे चिकटवलेले होते. दोन्ही उजव्याच हातावर. तिचा आनंद अजून ओसरला नव्हता.

"जागा विसरली वाटते तुमची नीतूबाई," ती हसून म्हणाली.

"नाई विसरल्या," आचल म्हणाली. आवाज दमलेला होता. "त्या डावाच हात मांगत होत्या. मीनंच नाई देला."

"काऊन?"

"तुमाले राग येते ना." पोर छताकडे पाहत सरळ सांगत होती, तक्रार करत नव्हती. "पावसाळ्यात त्याईनं तिथं लावली, तं तुमी माझ्यासंग बोलल्याच नाई दिवसभर. मी म्हनलं, उजव्यात पाहा, नाई तं बाईले बोलवा."

नस उठवायला दंडाला बांधायचा रबरी पट्टा शामकलाच्या हातात गुंडाळायचाच राहिला. राग नीतूवर होता ग पोरी, तुझ्यावर नव्हता, असं तिच्या ओठांवर आलं. पण ते या लेकराला सांगून काय उपयोग होता? आपण दारात किल्ली धरून बसलो होतो तेव्हा ही इथे आपला राग सांभाळत पडली होती. शामकलाला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे कळेना.

तिने नीतूला हाक मारली. ती आल्यावर तिचं बोट धरून पट्टीच्या वर, त्याच नसेवर ठेवलं. "इथून वर अजून चांगली आहे. पुढच्या वेळी इथं लाव. चार्ज देताना बाकीच्यांनाही सांग. मीही सांगते."

नीतूने बोटाने ती जागा दोनदा चाचपून घेतली.

"आचल," शामकला म्हणाली, "जी कोणी सिस्टर असन तिच्यापुढं हाच हात करायचा. मी नाई रागावणार."

आचलने लगेच हो म्हटलं नाही. छतावरची नजर खाली आणून तिने आधी शामकलाचा चेहरा नीट पाहून घेतला, खरं बोलते की नाही म्हणून. शामकला हलली नाही, पोरीला पाहू दिलं. राग येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, तो काही आज जाणार नव्हता. तो या पोरीला दिसू द्यायचा नाही, तेवढंच तिच्या हातात होतं.