एकोणतीसचा पाढा

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो, हे शिकायला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिकणारा स्टिअरिंगशी झटापट करत असतो आणि शेजारच्या सीटवर मास्तर निवांत बसलेले दिसतात. पण त्यांचा उजवा पाय काही निवांत नसतो. आमच्या या गोष्टीतल्या गृहस्थांनी उभा जन्म त्या सीटवर काढला, म्हणून अख्खं गाव त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचं. बायकोसुद्धा. रागावली तर नुसतं "मास्तर" म्हणायची, म्हणजे समजून घ्यायचं.

त्यांच्या पायाला इतकी सवय जडली होती की तो कुठेही चालायचा. हजामाच्या खुर्चीत वस्तरा कानाजवळ आला की पाय दाबला जायचा. चर्चमध्ये फादरांचं प्रवचन भरकटायला लागलं की पुढच्या बाकाखालची फळी करकरायची. एकदा तर फादर मध्येच थांबून म्हणाले होते, "मास्तर, आलंच घर, सावकाश घेतो." सगळं चर्च हसलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं मास्तर.

गप्पांत या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिकायला येणाऱ्यांना गाडी कमी आणि गोष्टीच जास्त मिळायच्या. एक गृहस्थ परीक्षेच्या दिवशी चष्मा विसरला आणि बायकोचा घालून गाडी चालवून पास झाला, ही गोष्ट मास्तर इतकी रंगवून सांगायचे की त्या गृहस्थालाही ती दर वेळी नवीनच वाटायची.

पण एक गंमत होती. शिकणारी माणसं समोर रस्त्याकडं बघत असायची, मास्तरांच्या तोंडाकडं नाही. त्यामुळं की काय, त्यांच्या मनातलं भडाभडा बाहेर यायचं. कुणाचं लग्न मोडायला आलेलं, कुणाचा मुलगा बोलत नसलेला. एक बाई तर चौकात वळण घेता घेता रडायलाच लागल्या. आणि मास्तर काय करायचे? ब्रेक. "अहो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं! माझ्या एका मेव्हण्याचं ऐका..." झालं. बाई डोळे पुसायच्या, मेव्हण्याची गोष्ट ऐकायच्या, हसायच्या आणि आपलं दुःख जसंच्या तसं घरी घेऊन जायच्या.

हे मास्तरांना कळत होतं. कळून रुतत होतं. म्हणूनच साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी धर्मप्रांताच्या त्या अभ्यासक्रमात नाव घातलं. सेवाकार्य आणि आध्यात्मिक मार्गदर्शन, अर्धवेळ, शेवटी प्रमाणपत्र. वर्ग शनिवारी दुपारी, चर्चच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर. मास्तरांचे गुडघे बाकात मावायचे नाहीत, म्हणून ते तिरके बसायचे. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि पलीकडं चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई.

"आता तुम्ही मार्गदर्शन करणार?" बायको म्हणाली. "चष्मा कुठं ठेवलाय त्याचं मार्गदर्शन मलाच करावं लागतं."

शिकवायला मठातल्या एक वयस्क सिस्टर होत्या. आवाज एवढासा, पण नजर अशी की खिशात हात घालायची. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "इथं तुम्हाला बोलायला शिकवणार नाही. माणूस देवाशी काय बोलतोय, किंवा बोलत का नाही, ते ऐकायला शिकवणार आहे. मध्ये पडू नका. सल्ला देऊ नका. गप्प बसणं जमत नसेल त्यांनी चहा घेऊन घरी जावं." मास्तरांनी चहा घेतला, पण घरी गेले नाहीत.

मग सरावाला सुरुवात झाली. तिघातिघांचे गट. एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं, एकानं नुसतं बघायचं. बँकवाले आपल्या वडिलांबद्दल सांगायला लागले आणि मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. सिस्टर मागं उभ्या होत्या.

"मास्तर, पाय."

"सवय आहे हो, सिस्टर."

"सवय नाही. त्यांचं दुःख वेगात यायला लागलं की तुम्हाला भीती वाटते. येऊ द्या. धडकणार नाही तुम्हाला."

हे वाक्य मास्तरांच्या काळजात जाऊन बसलं. पुढं वर्षभर त्यांनी त्या पायाशी झुंज दिली. आणि खरंच जमायला लागलं! आता चौकात कुणी रडलं तर ते गाडी बाजूला घ्यायला सांगायचे आणि गप्प बसायचे. गोष्टी आटल्या. नेहमीची गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली, मास्तरांची तब्येत बरी नाही वाटतं.

आता ताईकडं यायला हवं. मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यांना वाढवलं ते हिनंच. यांच्या नाकापासून पाढ्यांपर्यंत सगळं तिनं पुसून-घोटून घेतलेलं. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नवरा गेल्यापासून एकटी राहायची आणि चर्चच्या वेदीवरची सगळी वस्त्रं धुवायची. धुवायची, स्टार्च करायची, इस्त्री करायची. तिच्या इस्त्रीला तोड नव्हती. घडी अशी की कागद कापावा. शनिवारी सकाळी मास्तर तिला आणि तिच्या त्या पांढऱ्या गाठोड्याला शिकवणीच्या गाडीतून चर्चला सोडायचे. ती हटकून मास्तरांच्या नेहमीच्या सीटवर बसायची, ब्रेकवाल्या.

"माझ्या पायाशी ब्रेक असला की मला तुझी भीती वाटत नाही, धाकट्या," ती म्हणायची. एकदा यांनी वळणावर जरा घाई केली तर तिनं खरोखर दाबला होता. गाठोडं पुढं जाऊन आदळलं आणि दोघं पोट धरून हसली होती.

अशाच एका शनिवारी ती समोर रस्त्याकडं बघत म्हणाली, "तुला एक सांगू? मला प्रार्थना येत नाही."

मास्तरांच्या जिभेवर निदान चार गोष्टी आल्या. पायही शिवशिवला. पण त्यांनी काहीच केलं नाही.

"हे आजारी होते तेव्हा किती मागितलं मी. दिवसरात्र. ते गेले त्या दिवशी शब्द पण गेले. राग नाही रे, नुसतं रिकामं. रविवारी मिस्सेत सगळे मिळून प्रार्थना बोलतात, माझे ओठ नाही हलले तर शेजारची बघणार. म्हणून मी पाढा म्हणते."

"पाढा?"

"एकोणतीसचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी... सोपा घेतला तर मन भटकतं. एकोणतीसला लक्ष द्यावं लागतं. म्हटलं, त्याच्यासमोर उभं राहायचं तर निदान लक्ष तरी असावं."

मास्तरांनी गाडी चर्चच्या भिंतीला लावली. बराच वेळ दोघं तशीच बसली. शेवटी ताईनं गाठोडं उचललं आणि म्हणाली, "इतकं कुणी ऐकलं नव्हतं रे माझं. फादरांनाही कधी सांगितलं नाही. ही वस्त्रं तेवढी त्याला देते. हात अजून प्रार्थना करतात, असं समजते झालं."

त्या दिवशी मास्तर हवेत होते. आपल्याला आलं! ज्या ताईनं आपल्याला बोलायला शिकवलं तिचं आपण न बोलता ऐकलं.

घोटाळा झाला तो पुढं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकानं आपण ऐकलेलं एक संभाषण वर्गासमोर मांडायचं होतं. त्या माणसाची परवानगी घेऊन, नाव-गाव-खूण सगळं पुसून. घरच्या माणसांचं तर मांडायचंच नाही, असं सिस्टरांनी बजावलं होतं. मास्तरांनी नेमाला धरून एका शिकाऊ पोराचं साधंसं बोलणं तयार केलं होतं. पण त्यांच्या आधी बँकवाल्यांचा नंबर लागला आणि त्यांनी असं काही संथ सुरात वाचलं की मागचे दोघं पेंगले, एकाचं पेन गळून पडलं. वर्ग मेलेला होता. आणि मेलेली बैठक समोर असताना आपल्याकडं अशी गोष्ट! ज्याला सांगायची खोड आहे त्यालाच ती कळ कळेल.

"एक बाई होत्या," मास्तरांनी सुरुवात केली. "नर्स होत्या." शिक्षिकेची नर्स केली, वस्त्रं गाळली, गाडी गाळली. पण पाढा? पाढा गाळला तर राहिलं काय? मास्तरांनी ओठ हलवून दाखवले, हात जोडून, डोळे मिटून. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. वर्ग खदखदून हसला. मग ते लक्षाचं वाक्य आलं आणि वर्ग एकदम चिडीचूप. एकीनं रुमाल काढला. मास्तरांना कित्येक महिन्यांनी असं भरून पावल्यासारखं वाटलं.

सिस्टर म्हणाल्या, "फार छान ऐकलंत. त्या बाईंची परवानगी आहे ना?"

मास्तरांनी मान हलवली. होय अशी.

ऑर्गनवाल्या बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांचा ऑर्गन ताईच्या बाकाला अगदी लागून. वर्षानुवर्षं त्या ताईचे ओठ बघत होत्या आणि हे ओठ प्रार्थनेच्या चालीत का बसत नाहीत, याचं त्यांना कोडं होतं. ते आता सुटलं.

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. त्या फुलं घेऊन ताईकडं गेल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही एकट्या नाही आहात. आम्ही सगळ्या तुमच्यासाठी प्रार्थना करतोय." सगळ्या! पुढच्या आठवड्यात फादरांनीही मायेनं सांगितलं, "ताई, किती वर्षं राबलात. वस्त्रांचं आता तरुण मुली बघतील. तुम्ही जरा मन शांत करा."

शनिवारी मास्तर गाडी घेऊन गेले, तर ताई दारात उभी. हात मोकळे.

"गाठोडं?"

"नाही आता. मन शांत करायला सांगितलंय मला."

"ताई, शपथेवर सांगतो, मी नाव घेतलं नव्हतं."

"नाव कशाला घ्यायचं?" ताई शांतपणे म्हणाली. "पाढा घेतलास ना."

"नर्स केली होती मी..."

"चांगली सांगितली असशील. लहानपणापासून छान सांगतोस तू. हसले का?"

मास्तर गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिले.

"हसले असतील. मलाही हसू यायचं कधीकधी, म्हणताना." मग ती म्हणाली, "आता बाकावर उभी राहिले की सगळ्या माझ्या तोंडाकडं बघतात. प्रेमानंच बघतात. आता पाढाही येत नाही रे. एकोणतीस चोकच्या पुढं जातच नाही." एवढं बोलून ती आत गेली आणि चहा ठेवला. साखर बरोबर घातली होती. तिनं रागावून ती विसरायला हवी होती, असं मास्तरांना वाटत राहिलं.

ते तडक सिस्टरांकडं गेले आणि सगळं ओकले, मान हलवली होती तीसुद्धा. मला काढून टाका म्हणाले.

"ऐकत होतात तेव्हा तुम्ही ताईंसाठी ऐकत होतात," सिस्टर म्हणाल्या. "सांगताना कुणासाठी सांगत होतात?"

"माझ्यासाठी."

"काढून टाकणं सोपं आहे, मास्तर. मग तुम्ही त्याचीही गोष्ट कराल. राहा. पुन्हा पहिल्यापासून करा."

मास्तरांनी वर्ष पुन्हा काढलं. त्याच तिरक्या गुडघ्यांनी, खालच्या तुकडीबरोबर. प्रमाणपत्र मिळालं, ते बायकोनं खिळा ठोकून भिंतीवर लावलं, यांनी उतरवून कपाटात ठेवलं. पुढं माणसं त्यांच्याकडं येत राहिली, बसून बोलत राहिली, आणि त्यातला एक शब्द कधी कुणाच्या कानावर गेला नाही. चष्म्याच्या गृहस्थाची गोष्टसुद्धा सांगेनासे झाले. त्या गृहस्थाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मास्तरांना मात्र ज्या एका माणसाचं ऐकायचं होतं, ते माणूस गुडघ्याबद्दल बोलायचं, टायरबद्दल बोलायचं, शेजारच्यांच्या गच्चीच्या गळतीबद्दल तर अगदी भरभरून बोलायचं.

रविवारी ते ताईला मिस्सेला न्यायचे. ती अजून त्याच सीटवर बसायची. मास्तर गाडी मुद्दाम लांबच्या, मोकळ्या रस्त्यानं घ्यायचे आणि स्वतः काही बोलायचे नाहीत.

एका रविवारी परत येताना ताई काचेतून समोर बघत म्हणाली, "धाकट्या, आज मिस्सेत ना..."

मास्तरांनी वेग कमी केला. दोन्ही पाय हलके ठेवले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं इतकं ऐकलं नव्हतं.

गाडी गचका खाऊन थांबली. ताईचा पाय खालच्या ब्रेकवर होता.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. कुत्रं आडवं आलंसं वाटलं."

रस्ता पार टोकापर्यंत रिकामा होता. मास्तर थांबून राहिले. ताईही पाय काढेना. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.

"चल," ताई म्हणाली आणि तिनं पाय उचलला. "मागं लोक खोळंबलेत."