दातकाढ्या गेला तो दिवस

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, त्यावर मेणात एकेक दात बसवतो आणि शेवटी गुलाबी हिरडीसकट सगळं घासूनपुसून परत धाडतो. मेणात दात बसवायचं काम सगळ्यात नाजूक. ते गेली अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर एकच बाई करते. तिला समोर सगळे ताई म्हणतात आणि मागे मेणताई. मेण तेवढं कामातलं. स्वभावात त्याचा अंश नाही. कुणाचा दात अर्धा मिलिमीटर बाहेर आला तर ती अख्खी रांग वितळवून पुन्हा लावते आणि लावताना आपल्याकडे असं बघते, की तो दात आपणच बाहेर ओढला असावा.

तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी तिच्या घरी होते. आल्यागेल्याला पाणी, फोन, कागदपत्रं, सगळं तिनेच पाहिलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. एक लांबची नणंद कुजबुजली, "दगड आहे." ताईने ऐकलं आणि तिला चहात साखर किती ते विचारलं.

अशा बाईचं पुस्तकावरून काय झालं, ते सांगते.

तिची लेक दुसऱ्या गावी नोकरीला गेली, इमारतींचे नकाशे काढायला. जाताना आपल्या खोलीत सात जाडजूड पुस्तकं ठेवून गेली, एकाच लांबलचक कथेचे सात भाग. मायलेकींचा रोज फोन व्हायचा. जेवलीस का, जेवले, तू, मीही, ठेवते मग. महिन्याभरात ताईच्या लक्षात आलं, की आपल्याकडे लेकीला विचारायला जेवणापलीकडे काही उरलेलं नाही. म्हणून तिने पहिला भाग उघडला आणि दोन दिवसांनी फोनवर सांगितलं, "तुझं ते पुस्तक वाचतेय."

लेकीने कितवं पान ते विचारलं. मग म्हणाली, "वाच. पण आई, कुणात जीव गुंतवू नकोस."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ताई म्हणाली.

त्या पुस्तकातला मुलूख म्हणजे आनंदी आनंदच होता. आभाळातून राख पडते, विहिरी खारट झालेल्या, डोंगरावर एका किल्ल्याला वेढा पडलेला आणि बाहेरचा शत्रू धड मेलेलाही नाही, धड जिवंतही नाही. ताई जेवणाच्या सुट्टीत वाचायची आणि हात धुऊन टेबलाशी आली, की आम्हाला सांगायची. आम्हाला म्हणजे मला आणि पॉलिशकाकांना. काका कवळ्या घासून चकाकी आणतात, मशीनच्या आवाजात त्यांना अर्धंच ऐकू येतं, पण गोष्ट सुरू झाली की ते मशीन बंद करायचे.

पहिल्या भागात एक तरुण राणी होती. एका दुपारी ताई दाढ बसवता बसवता म्हणाली, "राणी गेली."

"कुणाची?" मी दचकून विचारलं.

"पुस्तकातली. विष." आणि तिने पुढची दाढ उचलली.

दुसऱ्या भागात दोन जुळे भाऊ एकाच पानावर गेले. त्या दिवशी तिने मेण कापायची सुरी दिव्यावर इतका वेळ धरली, की मेण जळल्याचा वास साहेबांच्या केबिनपर्यंत गेला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही. दोघांतला एक तरी ठेवायचा."

तिसऱ्या भागापासून ती सावध झाली. जो माणूस युद्ध संपल्यावर काय करणार ते सांगतो, तो शंभर पानांत जातो, हे तिने हेरलं. कुणी गाणं म्हटलं की गेलाच. म्हाताऱ्या गुरूंकडे तर तिने बघायचंच सोडलं; "ते जायलाच आलेत," म्हणायची. जीव लावायला माणूस निवडायचा, तर असा निवडायचा ज्याला मारून लेखकाला काही मिळणार नाही, असं तिचं मत पडलं. शोधून शोधून तिने एक निवडला.

हा किल्ल्यातला दातकाढ्या. सैनिकांचे दुखरे दात उपटायचं त्याचं काम. जाडा, कामचुकार, लढाई सुरू झाली की पिठाच्या कोठारात लपणारा. बोलणं अचकट विचकट. पुढे काय करणार, याचा त्याने जन्मात विचार केलेला नव्हता आणि गळा तर असा, की गाण्याचा प्रश्नच नव्हता. उपटलेले दात तो एका पिशवीत ठेवायचा आणि कुठला दात कुणाचा ते अंधारात चाचपून सांगायचा.

"हा टिकणार," ताई म्हणाली.

त्याच्या कामावर मात्र तिचा आक्षेप होता. "सरळ ओढतो मेला. आधी हलवून सैल करायला नको? मूळ आत राहिलं म्हणजे?" हे ती इतक्या कळकळीने बोलायची, की काकांनी एकदा मला हळूच विचारलं, हा कुठल्या डॉक्टरांकडे असतो.

चौथ्या भागात एक दिवस ती खूश होऊन आली. दातकाढ्या सुधारला होता. आता तो आधी दात हलवून घ्यायचा. लेखकाला कुणीतरी सांगितलं असणार, असं ती म्हणाली. माणूस सुधारायला लागला हे चिन्ह वाईट, हे तिच्यासारख्या जाणकार बाईला कळायला हवं होतं. पण जीव गुंतला की नजर अधू होते.

आणि मग एका मंगळवारी ताई कामावर आली नाही.

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. दहा वाजता तिच्या यजमानांचा साहेबांना फोन आला. भाऊजी गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुका शांतपणे पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलंय, त्यामुळे बोलतात मोजकं आणि खोटं त्यांना जमत नाही. ते म्हणाले, "ती आज येणार नाही. तिच्या जवळचं माणूस गेलं."

साहेब हळहळले. आम्हाला बोलावून म्हणाले, "दुपारी जाऊन येऊ. अशा वेळी गेलं पाहिजे." काकांनी अंगावरचा एप्रन काढून स्वच्छ शर्ट घातला. साहेबांनी वाटेत फळं घेतली. तिसरा मजला चढताना आम्ही तिघं गंभीर चेहऱ्याचा सराव करत होतो.

दार भाऊजींनी उघडलं. आम्हाला पाहून ते बरेच गडबडले, पण या म्हणाले. ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. डोळे सुजलेले, केस तसेच. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. 

मग साहेबांनी घसा साफ केला. "वय काय होतं?"

ताईने विचार केला. "पन्नाशीचे असतील. नीट कुठे सांगितलेलं नाही."

"आजारी होते का?"

"नाही. पोटात सुरा खुपसला."

साहेबांचा पाण्याचा ग्लास ओठांशी गेला होता, तो तिथेच राहिला. काकांची तर दातखीळ बसली. मी भाऊजींकडे पाहिलं, तर ते पंख्याकडे बघत होते.

"कुणी?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ज्याचा दात काढून दिला त्यानेच. शत्रूकडचा पोरगा, दाढ सुजून कळवळत दाराशी आला. यांनी दार उघडून आत घेतला, दाढ काढली, तोंड धुवायला पाणी दिलं. आणि त्याने..." तिचा आवाज फुटला. "रक्त थांबायची वाट तरी बघायची."

"म्हणजे आपल्याच लाइनमधले होते," साहेब गहिवरून म्हणाले. "पोलिसांत दिलंत ना?"

"तिकडे कसले पोलिस, साहेब."

एव्हाना माझ्या डोक्यात उजेड पडला होता. शत्रू, दाढ, सुरा. मी काकांकडे पाहिलं. त्यांनीही टीपॉयवरचं पालथं घातलेलं जाड पुस्तक पाहिलं होतं. "ताई," ते हळूच म्हणाले, "आपला दातकाढ्या गेला?"

ताईने मान हलवली. "अरेरे," काका म्हणाले, आणि ते अगदी मनापासून होतं.

"तुम्ही ओळखत होता?" साहेबांनी काकांना विचारलं.

आता सांगणं भाग होतं. ताईने पदराने डोळे पुसले, सरळ बसली आणि चुकीची कवळी परत घ्यावी तशा आवाजात म्हणाली, "साहेब, ते पुस्तकातले होते. यांनी फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही. माझी आजची रजा बिनपगारी लावा."

फळांची पिशवी टेबलावर कलंडली. भाऊजी म्हणाले, "मी खोटं बोललो नाही. कोण गेलं ते त्यांनी विचारलं नाही."

साहेब रागावतील असं मला वाटलं. त्यांचा चेहरा दोन-तीन रंग बदलून गेला. मग ते पुढे झुकले आणि त्यांनी विचारलं, "मग आता तिकडे दातांचं कोण बघणार?"

"तेच तर," ताई म्हणाली. "कुणीच नाही. एक बोळका पहारेकरी आहे, त्याला यांनी हाडाचे दात करून द्यायचं कबूल केलं होतं. तो तसाच राहिला." आणि ती पुन्हा रडू लागली. या वेळी जरा मोकळेपणाने.

आम्ही तासभर बसलो. काकांनी सांगितलं, की शाळेत एका धड्यात कुत्रा मेला तेव्हापासून त्यांनी गोष्टी वाचणंच सोडलंय. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण उठले नाहीत. निघताना भाऊजी मला जिन्यापर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "सकाळपासून अशीच?"

"पहाटे वाचलं तिने ते पान. मला वाटलं, आईच्या वेळचं राहिलेलंही त्यात आलं असेल. विचारलं नाही. मी चहा करत राहिलो, पाच वेळा झाला."

बुधवारी ताई वेळेवर आली. रजेच्या वहीत साहेबांनी कारण "वैयक्तिक" लिहिलं होतं. तिने ते पाहिलं आणि कामाला लागली.

लेकीशी तिचं त्याच मंगळवारी संध्याकाळी बोलणं झालं होतं. लेक म्हणाली, "मी तीन आठवडे वाट बघत होते, आई. तू त्या पानाशी कधी पोचतेस म्हणून धाकधूक होती."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू त्याच्यावर इतकं प्रेम केलं असतंस का?"

लेकीने स्वतःचंही सांगितलं. तो गेल्यावर तिने पुस्तक कपाटात टाकून वर्षभर उघडलं नव्हतं. पुढचं वाचलंच नाही तर पुढे काही होणार नाही, असा तिचा हिशेब. ताईला तो पटला नाही. अर्धं काम टेबलावर ठेवून तिला झोप येत नाही. पण लगेच पाचवा भाग उघडायची छातीही होईना. तिने मधला रस्ता काढला. तिसरा भाग पुन्हा घेतला आणि फक्त दातकाढ्याची प्रकरणं वाचली. पिठाच्या कोठारात तो लपलेला होता तसाच होता. त्याचे अचकट विनोद तिने आम्हाला ऐकवले, त्यातले दोन साहेब केबिनच्या दारात उभे असताना.

पंधरा दिवसांनी तिने पाचवा भाग सुरू केला. काकांनी अट घातली, की किल्ल्यातल्या खेचराला काही होणार असेल तर आधी सांगायचं. ताईने शिस्तीत पुढची पानं चाळून निकाल आणला: खेचर लंगडतं, पण राहतं. तेव्हा कुठे काकांनी मशीन बंद केलं. माणसं मात्र जात राहिली. ती रडायची तेव्हा आता लपवायची नाही. चष्मा काढायची, पुसायची, घालायची आणि दात बसवायची. मला वाटतं, तिचे दात त्या दिवसांत जास्त सुबक बसायचे, पण हे तिला सांगायची माझी हिंमत नाही.

मधेच एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने टाकाऊ दात गोळा केले आणि वरची-खालची अशी पूर्ण कवळी बनवली. माप कुणाचं, विचारलं तर म्हणाली, "म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं. अंदाजाने केलंय. जबडा रुंद असावा, पुस्तकात तो सफरचंद अख्खं तोंडात धरतो." काकांनी कवळी अशी चकाकवली, की खऱ्या पेशंटने हेवा करावा. ती लेकीला पार्सलने गेली. लेकीची खोलीतली मैत्रीण त्या रात्रीपासून दिवा लावून झोपते म्हणे.

सातवा भाग ताईने एका रविवारी संपवला. शेवटी जिवंत राहिले ते तीन जण आणि लंगडं खेचर. शेवट बरा होता का, विचारलं तर ती म्हणाली, "बरा नव्हता. पण खरा वाटला." तेवढ्यावरच तिने पुस्तकाला नवं कव्हर घातलं.

पुढच्या महिन्यात लेक चार दिवसांसाठी आली तेव्हा आईला न्यायला लॅबमध्ये डोकावली. काम संपायचं होतं, म्हणून माझ्या स्टुलावर बसली. मायलेकी ताबडतोब भांडायला लागल्या. लेकीचं म्हणणं, दातकाढ्याने दार उघडलं तो मूर्खपणा. ताईचं म्हणणं, दुखऱ्या दाढेचा आवाज दाराबाहेरून ऐकू आला तर आपल्या धंद्यातला कुठलाही माणूस उघडणार. वीस मिनिटं हे चाललं. साहेबही दोनदा मधे बोलून गेले, तेव्हा तेही ताईकडून एकेक भाग नेऊन वाचतायत ते आम्हाला कळलं.

"आणि तो गेला नसता," लेक म्हणाली, "तरी पुढे त्याने केलं काय असतं? पीठ खाल्लं असतं."

"खाऊ दे की," ताई म्हणाली. तिने एक सुळा चिमट्यात धरून उजेडात पाहिला. "सातव्या भागापर्यंत साठीला टेकला असता. खालचे पुढचे दात त्याचेच हलायला लागले असते."

लेक हसायला लागली. ताईने तो सुळा मेणात बसवला, वाकून पाहिलं, काढला आणि पुन्हा बसवला.