तिसरा थर

आबांची पाठ धरली ती एका मेंढ्यापायी. मेंढा कालव्यातून वर यायला तयार नव्हता आणि आबा त्याला सोडायला तयार नव्हते. दोघांच्या हट्टात मेंढा वाचला आणि माझे वडील आडवे झाले. नारायणगावच्या डॉक्टरांनी तीन आठवडे कडक फळीवर उताणं पडून राहायला सांगितलं. घरात पंख्याखाली पडायला आबांनी साफ नकार दिला. जन्मभर मेंढरांमागं उघड्यावर झोपलेला माणूस, त्याला स्लॅबखाली गुदमरतं म्हणे. शेवटी अंगणात चिंचेखाली फळी, फळीवर घोंगडी आणि घोंगडीवर आबा, असा मुक्काम पडला. आईला हातभार लावायला म्हणून मी पुण्याहून बोरीला आले, लॅपटॉप घेऊन. हातभार कसला, मलाच चहा आणून देता देता आई दमली.

कारण मी तेव्हा सारखी आभाळात असायचे, तेही पगारी. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत धूळ आहे, काजळीहून बारीक. तिचे कण थोडे लांबट असतात आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र त्यांना एका दिशेत लावून ठेवतं. त्यामुळं त्या धुळीतून जो मंद, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो, त्याच्या लाटाही एका ठरावीक दिशेत जास्त हलतात. उपग्रहानं ती दिशा आभाळभर मोजलेली आहे. माझं काम उलट बाजूनं. धुळीचे किती थर, प्रत्येक थरात क्षेत्राची दिशा कोणती, हे मांडून संगणकात एक खोटं आभाळ तयार करायचं आणि खऱ्याशी ताडून बघायचं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, वाऱ्याला पाठ करून मेंढरं उभी राहतात तसं काय? मी म्हटलं, जवळपास तसंच, फक्त ही आडवी उभी राहतात. मग ती मेंढरं नसून शेळ्या असतील, असा निकाल त्यांनी दिला.

आभाळाच्या माझ्या तुकड्यात सगळे दोन थरांवर भागवायचे. माझं भागेना. दिशा सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम असेल तिथं छान जमायचं, तिरकी झाली की बिघडायचं. सहा महिने मी त्यावर डोकं फोडलं आणि शेवटी तिसरा थर घातला. काय सांगू, बरंचसं जुळलं की! तिथं तिसरा थर आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. आमच्या गटाचे प्रमुख, सर, म्हणाले, सोमवारच्या बैठकीत आपल्याबरोबर काम करणाऱ्या परदेशी मंडळींपुढं तूच मांड. त्यांना पटलं तर शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांमागं तिसरी-चौथी उभी होते. हे पहिलं नाव मला हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आबांना तर ते माझ्याहून जास्त हवं होतं. पाठीची चौकशी करायला येणाऱ्या कुणालाच पाठीबद्दल काही कळत नसे. केळी घेऊन आलेला पावणा तिसरा थर ऐकून परत जायचा. आईनं ओझरला जाऊन विघ्नहरापुढं नारळ वाढवला, पेढे वाटले. डिंगोऱ्याच्या मामांना आबांनी स्वतः फोन करून बातमी दिली, तेव्हा मामांनी विचारलं म्हणे, की थर सापडला ते ठीक, पण तो सरकार आपल्या नावावर करून देतं का?

शुक्रवारी दुपारी आबा कंटाळले. एवढं गावभर सांगतोय, मला तरी दाखव काय सापडलंय ते, म्हणाले. लॅपटॉपचा पडदा उजेडात दिसेना. मग मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागं स्केचपेननं नकाशा काढला. वर उत्तर, उजवीकडं पूर्व, मधे सगळ्या तिरक्या रेषा. आबांना उठायची बंदी, म्हणून कागद त्यांच्या तोंडावर छतासारखा धरला. उत्तरेला डोकं करून आमच्यात कुणी झोपत नाही, त्यामुळं त्यांचे पाय उत्तरेला होते. कागदाची उत्तर मी पायांकडं केली आणि व्याख्यान सुरू केलं.

दोन वाक्यं झाली असतील. आबा म्हणाले, "उगवत चुकली तुजी."

मी म्हटलं, आबा, नीट बघा. ते म्हणाले, नीटच बघतोय. उगवत, म्हणजे पूर्व, त्यांच्या उजव्या हाताला होती आणि कागदावर डाव्या. मी कागद फिरवला. उगवत जागेवर आली, पण उत्तर जाऊन बसली त्यांच्या डोक्याशी, म्हणजे दक्षिणेला. पुन्हा फिरवला. एक बसवतीस तर दुसरं उठतंय, असं ते म्हणाले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नकाशे शाळेपासून असेच असतात, मी ठणकावून सांगितलं.

"त्ये जमिनीचं," आबा म्हणाले. "तिला वरनं खाली बघायचं. ह्ये आभाळ हाय ना? मी खालनं बघतोय."

मी कागद खाली घेतला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आभाळाच्या नकाशात उत्तर वर धरली की पूर्व डावीकडं येते, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः शिकवलंय, चांगलं आवाज चढवून. पण हे मॉडेल मी पहिल्यांदा मांडलं ते दिवाळीच्या सुट्टीत, याच अंगणात, मातीत काठीनं. लहानपणी आबा मला चराईच्या वाटा तशाच काढून दाखवायचे, उगवत उजव्या हाताला. मीही आभाळ तसंच काढलं आणि ते कोन तसेच्या तसे संगणकात घातले. मेंढरांमागं वाढलेल्या माणसाचीच चूक ही. दुसऱ्या कुणाला मातीत आभाळ काढायचं सुचलंच नसतं. उपग्रहाचे कोन आबांसारखे आभाळाकडं बघून घेतलेले, माझे वरून खाली बघून, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे. आरशात उभ्या-आडव्या रेषांना काही होत नाही, तिरक्या मात्र उलट्या झुकतात.

मी घरात पळाले. एका ओळीत एक उणे चिन्ह घातलं, तिसरा थर काढून टाकला आणि गणित पुन्हा चालवलं. दोन थरांवर सगळं जुळलं, माझ्या तीन थरांहून चांगलं जुळलं. तिसरा थर आभाळात नव्हताच. माझ्या चुकीवर मीच मारलेलं ते ठिगळ होतं. मी मोरीत जाऊन रडले, आणि खरं सांगते, रडताना राग आबांचाच येत होता. पडून राहायचं तर गप पडून राहावं की माणसानं.

सोमवारपर्यंत हे पोटात ठेवायची ताकद नव्हती. सरांना लगेच फोन लावला. थर नाही, चिन्ह चुकलं होतं, सहा महिने, असं एका दमात सांगून टाकलं. सरांनी चिन्ह कुठल्या ओळीत ते विचारून घेतलं. मग म्हणाले, सोमवारी दुसऱ्याचं काम मांडू, तुझं मॉडेल तपासून पुढं बघू. नावाचं ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आबांना सांगायला गेले, तर त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. ते चिंचेकडं बघत राहिले. मग हळूच विचारलं, "मी बोललो नसतो तर राह्यला असता का गं तुजा थर?"

"राहिला असता, आबा. सोमवारपर्यंत. मग परक्या माणसानं चारचौघांत काढला असता."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी काही हलवली नाही. मला तिथं थांबवेना. चहा ठेवते म्हणून आत आले आणि साखरेचा डबा शोधत बसले, समोर असलेला.

तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला. डिंगोऱ्याच्या मामांना फोन लावला होता. आबा फोनवर असे बोलतात की मामांना फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. तीन थरांची बातमीही त्यांनी अशीच दिली होती.

"न्हाई न्हाई, तिसरा न्हाई निघाला," ते सांगत होते. "दोनच हायेत. पोरीनंच सांगितलं की सायबाला, माजं चुकलं म्हनून. तर वं, सोता फोन करून सांगितलं."

आवाज तेवढाच मोठा होता, तसूभरही कमी नाही. मी गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून शेवटपर्यंत ऐकलं. चूक कुणी धरली, हे त्यांनी मामांना सांगितलंच नाही.