गुरूवरचा डाग आणि तिसरी पोळी

नागपूरहून गाडी उशिरा सुटली. भोपाळला उतरले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. रिक्षावाल्याला आकाशाचं विचारलं, तर म्हणाला, "हफ्तेभर से एकदम साफ है, दीदी" (आठवडाभर निरभ्र आहे). मी खूश झाले.

कारखान्यातून निवृत्त झालेले माझे दत्तूमामा भोपाळच्या इंद्रपुरीत राहतात. दुर्बीण त्यांनी स्वतः जुळवलेली. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे फोनवर आमच्या गप्पा गुरू ग्रहाच्याच. तिथले ढग अमोनियाचे, गाराही अमोनियात भिजलेल्या. आणि तो लाल डाग म्हणजे आपल्या पृथ्वीहून मोठं वादळ. ते वर्षानुवर्षं घोंगावतंय, हल्ली आक्रसत चाललंय, आणि त्याला लाली कशानं येते हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या वेळी मात्र बोलावणं निराळं होतं. काचबिंदूनं मामांचा एक डोळा गेला होता आणि दुसराही जायच्या वाटेवर होता. ते फोनवर म्हणाले होते, "गुरूवर मला काहीतरी दिसतं. तो डाग आहे का माझ्या डोळ्याचा भास, तेवढं तू बघून सांग. अंधार पडायच्या आत पोच."

पोचले तेव्हा अंधार पडून गेला होता. मी म्हटलं, आधी वर जाऊ. मामा म्हणाले, "पहिले जेव. उपाशी आलीस."

मामीनं पुरणपोळ्या केल्या होत्या. पाहुणीनं एका पोळीवर उठायचं नाही, हा त्या घरचा कायदा. दुसरी पोळी मामीनं वाढली. तिसरी मामांनीच आग्रहानं माझ्या ताटात टाकली, वर तुपाची धार. मीही लाजले नाही. मामा मधूनच खिडकीकडे बघत होते. ते माझ्या ध्यानात आलं, पण पोळी फार सुरेख झाली होती.

मग आम्ही छतावर (म्हणजे आपल्या गच्चीवर) गेलो. मामांनी चाचपडत दुर्बीण लावली, डोळा टेकवला आणि म्हणाले, "आहे. कडेला, फिकट."

मी पाहिलं. तपकिरी पट्टे होते, चार चंद्र होते. डाग नव्हता.

"मामा, मला नाही दिसत."

"मग नुकताच पलीकडे गेला असेल. गुरू भरभर फिरतो." दुर्बिणीवरून हात फिरवत ते म्हणाले, "नाहीतर डोळ्यातलाच असेल."

"अहो, डाग पलीकडे जायची वेळ झालीय, हे मघाशीच का नाही सांगितलंत?"

"तू जेवत होतीस ना, बेटा. पानावरून कसं उठवणार?"

सोमवारी दहावीची तोंडी परीक्षा, म्हणून दुसऱ्या दिवशी निघणं भाग होतं. मामांनीही थांब म्हटलं नाही. उरलेल्या पोळ्या तेवढ्या मामीनं डब्यात बांधून दिल्या.

परवा मामीचा फोन आला. मामांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दुर्बिणीवर तिनं जुनी चादर घातली आहे. मला फार हळहळ वाटते. तो डाग दहा तासांनी पुन्हा समोर येतो, आजही आला असेल. पण मामांनी पाहिला तो कुठला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. मी त्या दिवशी दोन पोळ्यांवर उठले असते, तर सांगू शकले असते.